पाखरे आणि बांध : प्रस्तावना

मनाची उमेद कशी टिकवावी, आणि बाहेरून येणाऱ्या निराशेच्या, मत्सराच्या व भीतीच्या वाऱ्यापासून मन कसे राखावे, या विषयावर लिहावयास बसणाऱ्याने आरंभीच एक कबुली देणे उचित होय. ज्याचे मन स्वभावतःच प्रसन्न असते त्याला या विषयाची गरज पडत नाही, आणि ज्याचे मन पुरते खचले आहे त्याला पुस्तकाचे पान उलटण्याइतकीही उभारी उरलेली नसते; तेव्हा असले लिखाण वाचतो तरी कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यात वावगे काही नाही. त्याचे उत्तर इतकेच की, या दोन टोकांच्या मध्ये एक फार मोठा जनसमुदाय नांदत असतो, ज्याचे मन सकाळी चढते आणि सायंकाळी उतरते, ज्याने सोमवारी केलेला निश्चय गुरुवारपर्यंत टिकत नाही, आणि ज्याला आपल्या या चंचलतेची पुरेपूर जाणीव असून तिचे कारण मात्र सापडत नाही. प्रस्तुत लेखक त्याच समुदायातील एक असल्यामुळे, पुढील पानांत उपदेशकाचा आव त्याने आणलेला नाही.

माझे गाव नेरे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या अंगास, हिंजवडी आणि मारुंजी यांच्या शेजारी, कासारसाईच्या वाटेवर ते वसलेले आहे. या विषयाचा पहिला धडा मला कोणत्याही ग्रंथात मिळाला नाही. तो गावच्या भाताच्या खाचरात मिळाला, आणि तोही फजितीच्या स्वरूपात.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्यांत दूध भरले होते, आणि याच दिवसांत पाखरांच्या झुंडी उतरत असल्यामुळे, माझ्या हाती गोफण देऊन मला राखणीला बसविण्यात आले होते. त्या कामाचा मला एवढा अभिमान वाटला की, सकाळपासून दुपार कलेपर्यंत मी आभाळाकडे डोळे लावून बसलो. चिमण्यांचा थवा दिसला की आरोळी, मुनिया दिसल्या की धोंडा, आणि काही न दिसले तरी दिसेल या धास्तीने पुन्हा आरोळी, असा माझा क्रम अखंड चालला होता. दिवस कलताना आजोबा बांधावर आले. त्यांनी आभाळाकडे पाहिलेच नाही, खाली पाहिले. खेकड्याने बांध पोखरला होता आणि त्या बिळातून खाचरातले पाणी केव्हाचे खालच्या ओढ्याला लागले होते.

"आरं बाबा," ते शांतपणे म्हणाले, "पाखरू न्हेऊन न्हेऊन मूठभर न्हेईल. पानी गेलं तर आख्खं खाचर गेलं. वर बगायचं, पर बांधावरनं फिरत बगायचं."

मग त्यांनी ओंजळभर चिखलाचा गोळा करून बिळात ठासला, वरून टाचेने दाबला, आणि विषय संपविला. मला रागे भरले नाहीत, म्हणूनच बहुधा ते वाक्य मनात राहिले. मनाच्या राखणीसंबंधी आजवर जे काही वाचले, ऐकले आणि अनुभविले, त्या सर्वांचे सार मला त्या एका वाक्यात सापडते. आणि या पुस्तकाचे प्रतिपाद्यही तेच आहे. मनाचे शत्रू बाहेरून येतात हे खरे. परंतु बहुतेक मनांचा नाश त्या शत्रूंमुळे होत नाही, त्यांच्याकडे दिवसभर पाहत बसल्यामुळे पायाखालचा बांध केव्हा फुटला हे न कळल्याने होतो.

आता त्या खाचरांपैकी कित्येक खाचरे उरलेली नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या हिंजवडीत राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले, आणि तेथपासून जमिनीचा भाव, माणसाचा भाव आणि वेळेचा भाव, हे तिन्ही बदलत गेले. ज्या घरात वर्षाकाठी एकदा तलाठ्याच्या चावडीवर जाण्याचा प्रसंग येई, त्या घरात सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि वाटणीचे दावे यांची दप्तरे साठली. एका भावाने जमीन विकली आणि दुसऱ्याने राखली. दहा वर्षांनी विकणाऱ्याला राखणाऱ्याचा हेवा वाटतो आणि राखणाऱ्याला विकणाऱ्याचा, असा विलक्षण देखावा आमच्या पंचक्रोशीत दिसतो. उंच इमारतींत राहावयास आलेला परगावचा तरुण अभियंताही यातून सुटलेला नाही. त्याला कामावरून कमी होण्याची धास्ती, घराच्या कर्जाच्या हप्त्याचा तगादा, आणि वाकडच्या रस्त्यावरील गर्दीत रोज खर्ची पडणारे आयुष्य. शिवाय हातातल्या काचेच्या तुकड्यावर, आपल्या बरोबरीचे सर्व लोक आपल्यापेक्षा सुखी आहेत, असा खोटा पंचनामा दर घटकेस त्याच्यापुढे सादर होत असतो. पूर्वी गावात वाईट बातमी यावयाची तर ती कोणाच्या तरी पायांनी चालत यावी लागे; आता ती उशाशी निजते आणि आपल्याआधी जागी होते.

मानसशास्त्राचा निर्वाळा असा की, या बातमीला आपले मनच आगाऊ पाट मांडून ठेवते. रॉय बॉमायस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका विख्यात निबंधात अनेक संशोधनांचा परामर्श घेऊन असे दाखविले की, अनिष्ट घटना, कटू शब्द आणि वाईट अनुभव यांचा मनावरील परिणाम त्याच तोलाच्या चांगल्या गोष्टींपेक्षा प्रबळ असतो. दहा जणांनी केलेली स्तुती विसरून अकराव्याने मारलेला टोमणा घेऊन आपण अंथरुणावर तळमळतो, यात आपला दुबळेपणा नाही. रानात सावधपणे जगलेल्या पूर्वजांचा तो वारसा असावा. परंतु वारसा मिळाला म्हणजे तो जसाच्या तसा वहिवाटलाच पाहिजे असे नाही.

आपल्याकडील प्राचीनांनी या प्रश्नाचा विचार किती बारकाईने केला होता हे पाहावयाचे असेल तर पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांची जी गणना आहे ती पाहावी. व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व, संशय, प्रमाद म्हणजे अनवधान, आलस्य, अविरती म्हणजे विषयांची न सुटणारी ओढ, भ्रांतिदर्शन, इच्छिलेली भूमिका न लाभणे, आणि लाभली तरी तीवर स्थिर न राहणे, असे हे नऊ अंतराय होत. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला आजोबांचे वाक्य आठवले, कारण या नवांत बाहेरच्या शत्रूचे नावच नाही! निंदक नाही, दुष्ट शेजारी नाही, प्रतिकूल काळही नाही. नऊच्या नऊ बांधातलीच बिळे आहेत. बाहेरच्या माणसांची दखल त्याच ग्रंथात अन्यत्र घेतलेली आहे. पण तेथेही सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद, आणि दुर्जनाविषयी उपेक्षा अशी योजना आहे. यांतील चौथी गोष्ट आपल्या ध्यानात सहज राहते. कठीण आहे ती पहिली. शेजाऱ्याच्या दारात नवी मोटार उभी राहिली असता त्याच्याविषयी मैत्री वाटणे, हे दुर्जनाची उपेक्षा करण्याहून शतपट अवघड, हे आमच्या गावात कोणालाही विचारावे.

नेऱ्याच्या ईशान्येस चार-पाच कोसांवर देहू आहे, आणि या विषयाचा सर्वांत मोठा अधिकारी पुरुष तेथेच होऊन गेला. आमच्या कासारसाई-दारुंब्रे येथील सहकारी साखर कारखान्यालाही त्याच संत तुकारामांचे नाव आहे, इतके ते नाव या मुलखात रुळलेले. आणि रुळल्यामुळेच कदाचित त्या चरित्राची धार आपल्याला बोचेनाशी झाली आहे. परंपरेनुसार शके 1530, म्हणजे इसवी सन 1608 मध्ये जन्मलेल्या या पुरुषाच्या घरी देहूची महाजनकी होती, व्यापार होता, सावकारी होती. पंचविशीच्या आतच 1630च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. गुरे गेली, व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, आणि गावात पत राहिली नाही. माणसाची उमेद मोडावयास याहून अधिक काय लागते?

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला फार अर्थपूर्ण वाटते. वडिलोपार्जित सावकारीची जी खतपत्रे होती, त्यांतील धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची निम्मी त्याच्या स्वाधीन करून, आपल्या वाट्याची निम्मी त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. लोक या प्रसंगात केवळ वैराग्य पाहतात; मला त्यात राखणीची विद्याही दिसते. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचा हिशेब जोपर्यंत मनाच्या दप्तरात आहे, तोपर्यंत प्रत्येक चेहरा हा ऋणकोचा चेहरा आहे, आणि प्रत्येक भेट ही वसुली आहे. पैशाची खते आपल्यापैकी थोड्यांपाशी असतील. परंतु अमक्याने मान दिला नाही, तमक्याने उपकार स्मरले नाहीत, या खतांच्या गाठोड्यावर तर आपण सारेच सावकार बसलेलो आहोत. ती खते पाण्यात सोडणे म्हणजे मोठे बीळ बुजविणे होय.

पुढे त्याच इंद्रायणीत त्यांचे अभंगही बुडविले गेले. शूद्राने वेदार्थ बोलू नये, अशा आक्षेपावरून वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या सांगण्याने वह्या डोहात गेल्या, आणि तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून नदीकाठी बसून राहिले, अशी कथा आहे. एकदा त्यांनी स्वतः कागद बुडविले, एकदा दुसऱ्याने बुडवावयास लावले. पहिल्या वेळी मन हलके झाले, दुसऱ्या वेळी विदीर्ण झाले. म्हणजे एवढा मोठा पुरुषही निंदेने आणि छळाने व्याकुळ होत होता, हे आपण विसरता कामा नये. मनाचे रक्षण म्हणजे मन दगडाचे करणे, असा समज असलेल्यांनी तेरा दिवस शिळेवर बसलेली ती व्याकुळ मूर्ती डोळ्यांपुढे आणावी. त्यांनी निंदकाशी वाद घातला नाही, दाद मागण्यासाठी कोणत्या कचेरीची पायरी चढले नाहीत. जे आपले होते त्याच्यापाशी ते बसून राहिले. वह्या तरल्याची कथा श्रद्धेचा विषय आहे. परंतु अभंग लोकांच्या कंठी तरले, ही गोष्ट दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघणारी पालखी पाहणाऱ्या कोणालाही नाकारता येणार नाही.

याच कथेचा उत्तरार्ध असा की, तेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले. येथे राखणीचे दुसरे तत्त्व हाती लागते. जे जे प्रतिकूल ते ते नकारात्मक म्हणून वेशीबाहेर ठेवावे, असा जो सोपा सल्ला अलीकडे सर्वत्र मिळतो, तो पाळला असता तर विरोधक परत येताना त्याला दार बंद आढळले असते. खाचरात उतरणारा प्रत्येक पक्षी दाणे टिपावयास येत नाही; बगळा किडे वेचतो, कोतवाल उडते टोळ पकडतो, आणि सरसकट धोंडे मारणारा राखणदार आपल्याच मदतनिसांना हाकलीत असतो. आपल्या लिखाणातील, व्यवहारातील, स्वभावातील दोष दाखविणारा माणूस कानाला कडू लागतो. पण तो पाखरू आहे की बगळा, हे पाहिल्यावाचून गोफण उचलू नये.

जुन्या गावगाड्यात वेशीवर वेसकर असे. तो वेस सदासर्वकाळ बंद ठेवीत नसे. येणाऱ्याला 'कोण, कोठून, कशासाठी' असे विचारून त्याची वर्दी पाटलाकडे पोहोचवी. मनाच्या वेशीवर हे तीन प्रश्न बसविले तरी पुष्कळ काम भागते. हा विचार आला कोठून, माझ्या अनुभवातून की दुसऱ्याच्या भीतीतून? तो आला कशासाठी, मला सावध करावयास की केवळ अस्वस्थ ठेवावयास? समर्थ रामदासांनी दोनशे पाच मनाचे श्लोक रचले ते याच संवादाचे. आणि त्यांत लक्षात घेण्याजोगे हे की, ज्या मनाची खोडी मोडावयाची त्यालाच ते प्रथम सज्जन म्हणून हाक मारतात. चोर म्हणून हटकलेले मन चोरासारखेच वागते, हे त्या कुशल शिक्षकाला ठाऊक होते. पश्चिमेकडे अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, आणि जी ठाण्याच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांच्या लेखनाने मराठी वाचकांच्या परिचयाची झाली, तिचेही मूळ मनाशी संवाद न तोडता सभ्यपणे त्याची उलटतपासणी करण्यातच आहे.

परंतु वेसकराचा दृष्टान्त दिला म्हणजे त्याची दुसरी बाजू सांगणेही प्राप्त होते. ज्या गावाची तो राखण करी, त्या गावाच्या आत त्याला घर नव्हते. ते काम महार समाजावर वतन म्हणून लादलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात त्या वतनासंबंधी विधेयक मांडले, तेव्हा आपल्या बांधवांना मन प्रसन्न ठेवा एवढेच सांगून ते थांबले नाहीत. जे मन खचविते ते कायद्यातून उपटून काढावयास ते निघाले. अन्यायाला अन्याय म्हणणे ही नकारात्मकता नव्हे, आणि जे सोसू नये ते सोसावयास शिकविणारी मनःशांती ही गुंगी आहे. ज्याचे वेतन थकले आहे, ज्याच्या नावाची सातबाऱ्यावरील नोंद परस्पर उडाली आहे, त्याला उमेदीचे पुस्तक देण्याआधी अर्ज लिहून देणारा माणूस मिळवून द्यावा.

तसेच आजाराविषयी. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक आणि रस यांपैकी काहीच परत येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ती आळसाची वा श्रद्धेच्या अभावाची खूण समजू नये. मोडलेल्या हाडाला आपण जसे वैद्याकडे नेतो तसेच या मनाला न्यावे. 2022 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी रात्रंदिवस उघडा असतो. बांध वाहून गेला असता चिखलाचा गोळा पुरत नाही.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पीकच नसलेल्या खाचराची राखण कोणी करीत नाही. तसेच, ज्या मनात काही पेरलेले नाही त्याने किती पहारे बसविले तरी ते पहारे कशावर, हा प्रश्न उरतोच. भरतमुनींनी उत्साहाची गणना क्षणिक भावांत केली नाही, तो वीररसाचा स्थायी भाव मानला. व्याख्यान ऐकून चढणारा आणि घरी पोहोचेपर्यंत उतरणारा तो हुरूप, नित्याच्या कामातून झिरपत राहतो तो उत्साह. याचे उदाहरण आमच्या तालुक्याच्या इतिहासात आहे. मुळा नदीवरील टाटांच्या धरणात मावळ्यांच्या जमिनी बुडू लागल्या तेव्हा 1921च्या रामनवमीस, 16 एप्रिल रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात सेनापती झाले, आणि ते बिरुद त्यांना जन्मभर चिकटले. लढा अयशस्वी झाला. धरण झाले, खोरे बुडाले, सेनापतींना सात वर्षांची सजा झाली. एवढ्या पराभवानंतर माणूस कडवट होऊन एका कोपऱ्यात बसला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. पण या गृहस्थाने फार पूर्वीच, पारनेरला असताना, हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडण्याचे व्रत स्वीकारलेले होते. धरण थांबविणे आपल्या हाती नसेल. आजचा रस्ता झाडणे असते. मोठ्या पराभवानेही ज्याचे आजचे काम हिरावता येत नाही, त्याच्या मनाला निराशा शिवते, पण तेथे तिला मुक्काम करता येत नाही.

पुढील प्रकरणांत निद्रा, संगत, बातमी, हेवा, अपयश आणि नित्यकर्म अशा क्रमाने एकेका बिळाचा विचार केला आहे. त्यांत चमत्कार नाहीत, एकवीस दिवसांत पालटण्याचे आश्वासन नाही. वाचकाने सर्व पुस्तक वाचलेच पाहिजे असाही आग्रह नाही. जेथून आपले पाणी जाते असे वाटेल ते प्रकरण आधी उघडावे.

ज्या खाचरात मी गोफण घेऊन बसलो होतो, त्याच्या खालचे खाचर विकले गेले आणि तेथे आता गाड्या उभ्या राहतात. वरचे अद्याप आमच्याकडे आहे. यंदाही भाद्रपदात बांधावरून हिंडत होतो. समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन तळपत होते, पाखरांचा थवा फिरला, मी एक आरोळी दिली आणि पुढे चालू लागलो. पायाखाली ओल जाणवली. वाकून पाहिले तर नखाएवढे भोक होते. चिखल जवळच होता.

नेरे, तालुका मुळशी
आश्विन शुद्ध दशमी